शिरेत रुतलेली नळी

रक्तकर्करोग झालेल्या मुलाला दोन-तीन वर्षे औषधे द्यावी लागतात आणि त्यांतली काही इतकी दाहक असतात की हाताच्या बारीक शिरा त्यांनी पोळून निघतात. म्हणून गळ्याजवळच्या मोठ्या शिरेतून हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या तोंडापर्यंत मऊ नळी, म्हणजे कॅथेटर, सरकवून ठेवतात आणि तिचे दुसरे टोक छातीच्या कातडीखालच्या छोट्या डबीला जोडतात. या जोडणीला केमोपोर्ट म्हणतात. उपचार संपल्यावर तो भूल देऊन काढला जातो, आणि हे काम बहुतेक वेळा विनासायास उरकत असल्यामुळेच त्यातला धोका कोणाच्या फारसा ध्यानात राहत नाही.

शरीर परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण विणते, त्यात पुढे चुना साचतो आणि नळी शिरेच्या भिंतीशी एकजीव होते. मूल जितक्या लहान वयाचे आणि नळी जितकी जुनी, तितका हा संभव अधिक. अशी नळी जोराने ओढली तर ती ताणली जाऊन तुटते आणि सुटलेला तुकडा रक्ताबरोबर हृदयात किंवा फुप्फुसाच्या धमनीत जातो, जिथून तो जांघेच्या शिरेतून तारेचा फास नेऊन बाहेर काढावा लागतो. म्हणून अडलेल्या नळीशी झटापट न करता थांबणे हेच कौशल्य होय. काही ठिकाणी नळीच्या पोकळीत बारीक फुगा फुगवून तिला आवरणापासून सुटी करतात. तेही साधले नाही, तर चिकटलेला भाग शिरेतच राहू देऊन मुलावर लक्ष ठेवतात. नळी निघताना मुलाने खोल श्वास घेतला तर त्या वाटेने हवा रक्तात ओढली जाऊ शकते, त्यामुळे डोके खाली ठेवून जागा घट्ट दाबून धरतात.

पूर्व विदर्भापुरते पाहायचे तर, चंद्रपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2015 मध्ये सुरू झाले, तरी फास टाकून तुकडा काढण्यासारख्या कामासाठी नागपूरसारखे मोठे केंद्रच गाठणे श्रेयस्कर. पण पर्लकोटा नदीला पूर आला की तिथल्याच दुर्गम भामरागडचा रस्ता तुटतो, त्याच सुमारास धानाची रोवणी असते, आणि न दिसणारी, न दुखणारी डबी काढायला पुन्हा एवढा प्रवास कशाला, असे घरच्यांना वाटले तर नवल नाही; पुढे ढकललेल्या प्रत्येक महिन्याने मात्र नळी अधिक रुतत जाते. तुकडा आत राहिलाच, तर त्याची जागा आणि तारीख घरच्या कागदावर लिहिलेली हवी, कारण पुढे कधी खोकल्यासाठी छातीचा एक्स-रे काढला की त्यावरची पांढरी रेघ कशाची, हे तिथल्या डॉक्टरला त्या कागदावरूनच कळेल.