समुद्र मागे हटला तर...

सोलापूरला समुद्र नाही, पण आपल्या गटाच्या सहली कोकणात जातात, म्हणून हे ऐका. समुद्रतळाशी मोठा भूकंप झाला की पाणी उसळतं, त्सुनामी येते. नोव्हेंबर १९४५ मध्ये मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि लाटा मुंबईपर्यंत आल्या, माणसं दगावली. २६ डिसेंबर २००४ ला तामिळनाडूत अनेक गावांत पुरुषांपेक्षा बायकाच जास्त गेल्या. मासळीच्या होड्यांची वाट बघत त्या किनाऱ्यावर होत्या. कडेवर लेकरं, पायांत अडकणारी साडी, पोहता येत नव्हतं. विहिरी खारावल्या, शेतात मीठ उतरलं.

किनाऱ्यावर जमीन हादरली किंवा पाणी अचानक मागे गेलं, तर शिंपले वेचत थांबू नका. लेकरं घेऊन उंचावर जा. पहिली लाट ओसरली तरी लगेच उतरू नका. पुढची मोठी असू शकते.