छापलेली संख्या आणि साठवलेली संख्या : एका सूक्ष्म संगणकीय दोषाचा शोध

प्रस्तावना

संशोधनासाठी संगणक वापरणाऱ्या प्रत्येक विद्याशाखेत एक गोष्ट गृहीत धरली जाते. ती म्हणजे, संगणकाने छापलेली संख्या हीच त्याच्या स्मृतीतील संख्या होय. हे गृहीतक नेहमीच खरे नसते. १९६१ मध्ये अमेरिकेतील हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी छापील कागदावरील ०.५०६ ही संख्या संगणकास पुन्हा पुरवली. स्मृतीत मात्र ०.५०६१२७ ही संख्या होती. काही काळातच गणिती हवामानाचे चित्र पूर्वीपेक्षा सर्वस्वी निराळे झाले. तेथे छापताना अंक मुद्दाम कमी केलेले होते. परंतु 'छापलेली संख्या पुन्हा वाचल्यास मूळचीच मिळेल' असे आश्वासन देणारी सोयच चुकली तर काय होते, याचे एक उदाहरण प्रस्तुत लेखात तपासले आहे.

संख्या छापण्यातील अडचण

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेट प्रणालीवरील सी-शार्प भाषेत अपूर्णांकांसाठी सामान्यतः 'डबल' हा ६४ बिटांचा प्रकार वापरतात. त्यात ५३ द्विमान अंकांइतकी अचूकता असते. आपण वाचतो ती संख्या मात्र दशमान असते. या रूपांतरासाठी १७ सार्थ अंक सर्व प्रसंगी पुरेसे ठरतात. १५ अंक कधी पुरतात, कधी पुरत नाहीत. नेहमीच १७ अंक छापले तर ०.१ ही साधी संख्या ०.१०००००००००००००००१ अशी विद्रूप दिसते. म्हणून सी-शार्पमधील 'आर' या छपाई-स्वरूपाने मध्यम मार्ग स्वीकारला होता. प्रथम १५ अंकी रूप तयार करावयाचे, ते स्वतःच वाचून पाहावयाचे, मूळ संख्या मिळाल्यास तेच छापावयाचे. अन्यथा १७ अंक द्यावयाचे. वरवर पाहता ही रीत निर्दोष वाटते.

दोषाचा माग

०.८४५५१२४०८२२५५७००६ ही संख्या 'आर' स्वरूपात छापली असता ०.८४५५१२४०८२२५५७ असे उत्तर येई. तेच पुन्हा वाचले असता ०.८४५५१२४०८२२५५६९९४ ही शेजारची संख्या मिळे. कोणतीही त्रुटिसूचना येत नसे. केवळ 'दोन्ही समान आहेत काय?' या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी मिळे.

येथे थोडे अंकगणित उपयोगी पडते. ०.५ ते १ या पट्ट्यात लगतच्या दोन डबल संख्यांमधील अंतर, सतराव्या दशांश स्थानाच्या एककात मोजल्यास, सुमारे ११.१ असते. छापलेली संख्या वरच्या संख्येहून सुमारे साडेपाच एककांनी लहान आणि खालच्या संख्येहून तितक्याच एककांनी मोठी आहे. म्हणजे ती दोघींच्या जवळजवळ मध्यबिंदूवर उभी आहे. अशा ठिकाणी कोणती संख्या अधिक जवळची, याचा निर्णय अत्यंत सूक्ष्म गणनेवर अवलंबून असतो आणि किंचित चूकही कौल फिरवते.

यावरून तर्काची पुढील पायरी सरळ आहे. १५ अंकी रूप छापले गेले, त्याअर्थी छपाईच्या वेळची चाचणी यशस्वी झाली होती. प्रत्यक्ष वाचनात मात्र वेगळी संख्या मिळाली. म्हणजे चाचणीतील वाचन व नंतरचे वाचन यांचा कौल एक नव्हता. दोष अंक कमी छापण्यात दिसत असला, तरी त्याचे मूळ पडताळणीत होते. मायक्रोसॉफ्टच्या माहितीपुस्तिकेतही ही विसंगती ६४ बिटांच्या प्रणालींवर चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या संदर्भात नोंदवलेली आहे. एका यंत्रावर आढळणारा आणि दुसऱ्यावर न आढळणारा दोष शोधणे किती कठीण, हे सांगणे नलगे.

उपाय

तात्पुरता उपाय म्हणून 'जी-१७' स्वरूपात सर्व १७ अंक छापण्याची शिफारस करण्यात आली. मूळ प्रश्नाचे शास्त्रशुद्ध उत्तर मात्र बरेच आधी उपलब्ध होते. गाय स्टील व जॉन व्हाइट यांनी १९९० मध्ये अशा संख्या अचूक व कमीत कमी अंकांत छापण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी डेव्हिड गे यांनी दोन्ही दिशांच्या अचूक रूपांतराचे विवेचन केले. पायथन भाषेने ३.१ आवृत्तीत, २००९ मध्ये, गे यांच्या कामाचा आधार घेतला. डॉटनेट कोअरच्या ३.० आवृत्तीत, २०१९ मध्ये, छपाई व वाचन या दोन्हींची सुधारणा झाली.

निष्कर्ष

सतराव्या अंकातील फरकाने सरासरी बदलत नाही. मात्र समानतेची चाचणी, जुन्या निष्कर्षांची पुनर्निर्मिती आणि लॉरेन्झ यांच्यासारखी पुनरावर्ती गणिते यांत तो निर्णायक ठरू शकतो. म्हणून संशोधनाची आधारसामग्री मजकूररूपात जतन करताना १७ अंक ठेवावेत, वापरलेल्या प्रणालीची आवृत्ती नोंदवावी आणि जतन केलेली फाइल पुन्हा वाचून मूळ संख्यांशी ताडून पाहावी. ही पडताळणी शक्यतो ज्या प्रणालीवर पुढील गणित व्हावयाचे तिच्यावरच करावी. सराव परीक्षेचा परीक्षक एका निकषाने व अंतिम परीक्षेचा दुसऱ्या निकषाने गुण देत असेल, तर सरावातील यशाला अर्थ उरत नाही. 'आर' स्वरूपाच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.