गाडी थांबते, गाडी थांबवतात

शिरूरला दर रविवारी सकाळी मी अकरावी-बारावीच्या पाच-सहा मुलांना फ्रेंच शिकवतो. दौंडची एक मुलगी केडगाव चौफुला, न्हावरे असं करत दोन गाड्या बदलून येते. सध्या आत्मवाचक क्रियापदं चालू आहेत.

'आरेते' म्हणजे थांबवणं, 'सारेते' म्हणजे थांबणं. दौंड जंक्शनला गाडी थांबते, ड्रायव्हर ती थांबवतो. आपण 'थांब'ला 'व' जोडून क्रिया दुसऱ्यावर नेतो. फ्रेंच उलट्या वाटेनं जाते. 'थांबवणं' हाच तिथला मूळ शब्द, त्याला 'स' जोडला की क्रिया कर्त्याकडे परत येते. हे दौंडच्या मुलीला लगेच उमगलं.

अडखळायला होतं ते पुढे. 'मी उठतो'साठी मुलं हटकून 'झ स लेव्ह' म्हणतात. हवं असतं 'झ म लेव्ह'. मी स्वतःला, तू स्वतःला, ती स्वतःला... आपला शब्द बदलत नाही, तिथं तो म, त, स, नू, व्हू, स असा कर्त्यामागून फिरतो. याला घोकण्यावाचून इलाज नाही.

'मी हात धुतो' हे वाक्य दिलं, तर वह्यांत आलं 'झ लाव्ह मे मॅं', म्हणजे 'माझे हात'. घरी कुणी 'मी माझे हात धुतो' म्हणतं का? मधे इंग्रजी आली होती. फ्रेंच माणूस म्हणतो 'झ म लाव्ह ले मॅं'. हात कुणाचे, हे तोही वेगळं सांगत बसत नाही.

खरी गंमत भूतकाळात आहे. 'ती उठली' लिहिताना क्रियापदाच्या शेवटी स्त्रीलिंगाचा 'ए' लागतो. तो ऐकू येत नाही, म्हणून श्रुतलेखनात हमखास सुटतो. पण 'तिनं हात धुतले' यात तो लावायचाच नाही. मुलं गोंधळली, तेव्हा मी फळ्यावर मराठी वाक्यं लिहिली : ती उठली, तिनं हात धुतले. 'धुतले' कुणामुळे? हातांमुळे. कर्मणी प्रयोग! फ्रेंचमध्येही इथं कर्म हातच आहेत, ती नाही. फरक एवढाच, की तिथं कर्म क्रियापदाच्या आधी आलं तरच क्रियापद त्याच्याप्रमाणे बदलतं. 'तिनं धुतलेले हात' अशी रचना केली, की हातांचं लिंग-वचन लागलंच.

हा नियम इंग्रजीतून समजावताना माझे दोन रविवार गेले होते. मराठीतून अर्धा तास पुरला. तालुक्याच्या गावी फ्रेंच शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे : फळ्यावर आधी मराठी वाक्य लिहा.