२० शॉट मारले तरी गोल शून्य! ‘फुटबॉल मॅनेजर’मध्ये तुमचा अटॅक नेमका कुठं फसतो?

लातूर जिल्ह्यातलं जळकोट. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, घरातले सगळे झोपलेत आणि एक जण पांघरुणात मोबाईल धरून आपला फुटबॉल क्लब चालवतोय. मॅच संपते. स्क्रीनवर आकडे येतात. पझेशन ६५ टक्के, शॉट २०. आणि स्कोअर? ०-१.

मराठवाड्यात मैदान म्हटलं की आधी कबड्डी, क्रिकेट नाहीतर कुस्ती आठवते. पण ‘फुटबॉल मॅनेजर’ या गेमला मैदान लागतच नाही. ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’पासून त्याची मोबाईल आवृत्ती नेटफ्लिक्सच्या सबस्क्रिप्शनमध्येच मिळते. त्यामुळं महागडा कॉम्प्युटर नसला तरी काम भागतं.

यात तुम्ही खेळाडू पळवत नाही. तुम्ही कोच असता. टीम निवडायची, डावपेच ठरवायचे आणि मग बघत बसायचं. म्हणूनच गोल होत नसले की डोकं फिरतं. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात, अजून एक स्ट्रायकर वाढवतात आणि सगळ्यांना पुढं पाठवतात. नेमकी इथंच चूक होते.

आधी शॉट नाही, एक्सजी बघा

एक्सजी म्हणजे एक्स्पेक्टेड गोल्स. एखाद्या शॉटवर गोल होण्याची शक्यता किती, ते ० ते १ मध्ये मोजायचं. पेनल्टीचा एक्सजी साधारण ०.७६ ते ०.७९ धरतात. लांबून, गर्दीतून मारलेल्या शॉटचा ०.०४ सुद्धा असू शकतो.

आता हिशोब करा. ०.०४ चे २० शॉट म्हणजे एकूण ०.८. आणि ०.२५ चे फक्त ५ शॉट म्हणजे १.२५. म्हणजे पाच शॉट मारणाऱ्या टीमनं जास्त चांगले चान्स तयार केले. तुमचे शॉट भरपूर आणि एक्सजी कमी असेल, तर स्ट्रायकरला शिव्या घालून उपयोग नाही. त्याच्यापर्यंत बॉल चांगल्या जागी पोहोचतच नाहीये.

जागा का मिळत नाही?

तुम्ही जिंकायला लागलात की समोरच्या टीम घाबरून खेळतात. दहा जण बॉक्ससमोर भिंतीसारखे उभे राहतात. याला लो ब्लॉक म्हणतात. अशा वेळी मेंटॅलिटी सगळ्यात अटॅकिंग ठेवली आणि टेम्पो वाढवला, तर तुमचे खेळाडू घाई करतात. जागा नसताना पास देतात, लांबूनच शॉट मारतात. त्यात अजून एक स्ट्रायकर घातला की त्या गर्दीत आणखी एकाची भर पडते, बाकी काही नाही.

कबड्डी आठवा. चांगला रेडर थेट सात जणांच्या अंगावर जात नाही. तो एका कोपऱ्याकडं झेप घेतल्यासारखं करतो, सगळी साखळी तिकडं सरकते आणि मोकळ्या झालेल्या बाजूला तो पॉइंट काढतो. फुटबॉलमध्येही तेच करायचं असतं. डिफेन्सला हलवायचं, मग मारायचं.

मुंबई सिटीनं काय केलं होतं?

याचं खरं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०२२-२३ च्या इंडियन सुपर लीगमध्ये डेस बकिंगहॅम यांच्या मुंबई सिटीनं २० लीग मॅचमध्ये ५४ गोल केले, ४६ पॉइंट मिळवले आणि सलग १८ मॅच हरली नाही.

त्या टीमची रचना बघा. पुढं स्ट्रायकर होर्हे पेरेरा डियाझ. त्याच्या मागं मोकळा फिरणारा ग्रेग स्टुअर्ट. एका बाजूला बिपिन सिंग, दुसऱ्या बाजूला लालियानझुआला छांगटे. आणि मागून बॉल वाटणारा अहमद जाहू. स्टुअर्ट मागं आला की डिफेंडरपुढं प्रश्न उभा राहायचा, त्याच्या मागं जायचं की जागेवर थांबायचं? मागं गेला तर पाठीमागं जागा मोकळी, थांबला तर स्टुअर्टला वळायला वेळ.

छांगटे डावखुरा, पण खेळायचा उजव्या विंगवर. त्यामुळं तो आत वळला की बॉल त्याच्या भारी पायावर यायचा. गेममध्ये यालाच इन्व्हर्टेड विंगर म्हणतात. ‘फुटबॉल मॅनेजर २०२४’च्या पीसी आवृत्तीत भारतीय लीगही खेळता येते, तिथं हे करून बघता येतं.

मग गेममध्ये काय बदलायचं?

१. पाच उभे पट्टे धरा. मैदानाचे डावी कड, डावं मधलं, मध्य, उजवं मधलं आणि उजवी कड असे पाच भाग करा. अटॅकच्या वेळी प्रत्येक पट्ट्यात तुमचा एक माणूस हवा. विंगर आत वळणारा असेल, तर त्याच बाजूचा फुलबॅक कडेनं वर जायला हवा. विंगर कडेलाच थांबणारा असेल, तर फुलबॅकला मागं ठेवा.

२. सगळ्यांना एकच काम देऊ नका. पुढचे चौघंही बॉक्समध्ये पळाले तर त्यांना पास देणार कोण? एक जण मागं येणारा, एक मागून धावत जाणारा आणि एक पास देणारा, असं मिश्रण ठेवा.

३. भिंतीसमोर टेम्पो थोडा कमी करा, रुंदी वाढवा. ‘वर्क बॉल इन्टू बॉक्स’ ही सूचना दिली की खेळाडू उगाच लांबून मारत नाहीत. मात्र समोरची टीम वर येऊन खेळत असेल, तर उलट करा. मागं मोकळी जागा असते, तिथं पटकन बॉल टाका.

४. मागं माणसं ठेवा. दोन सेंटर बॅक आणि त्यांच्या पुढं किमान दोघं. दोन्ही फुलबॅक आणि सगळे मिडफिल्डर वर गेले, की एका काउंटर अटॅकमध्ये मॅच जाते.

५. एका वेळी एकच बदल करा. डावपेच बदलले की टीमला ते अंगवळणी पडायला वेळ लागतो, गेम तोही मोजतो. दर मॅचला सगळं बदललं तर नेमकं काय चाललं, हे कधीच कळत नाही. चार-पाच मॅच द्या, एक्सजी लिहून ठेवा, मग ठरवा.

मोबाईल आवृत्तीत पर्याय कमी आहेत, पण हिशोब हाच आहे.

कॉर्नरला विसरू नका

मुंबई सिटीच्या गोष्टीचा शेवट अजून बाकी आहे. ५४ गोल करणारी ही टीम सेमीफायनलला आली. समोर बेंगळुरू एफसी. मार्च २०२३, अंधेरीचं मैदान. मुंबईला एकही गोल करता आला नाही. ७८ व्या मिनिटाला बेंगळुरूला कॉर्नर मिळाला आणि बदली म्हणून आलेल्या सुनील छेत्रीनं हेडर मारला. ०-१. पुढची मॅच मुंबईनं बेंगळुरूत २-१ अशी जिंकली, पण पेनल्टी शूटआउटमध्ये ९-८ नं बाहेर पडली.

जळकोटमधल्या त्या स्क्रीनवरचा स्कोअरही ०-१ च होता. सगळ्यात भारी अटॅक असलेल्या टीमचाही एखादा दिवस असा जातो. एका मॅचवरून सगळे डावपेच मोडायची गरज नसते. पण पाच मॅच सलग असं झालं, तर नवीन स्ट्रायकर विकत घेण्याआधी एक्सजी बघा, पाच पट्टे मोजा आणि कॉर्नरची सेटिंग उघडा. बहुतेक वेळा उत्तर तिथंच सापडतं.