परक्या राजधानीतील आपली कचेरी

पालघर जिल्हा २०१४ साली झाला. त्यापूर्वी आमच्या विरारकडील माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाणे गाठावे लागे. एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणून आमच्या पाड्यावरील दहा-बारा घरे वर्गणी काढीत आणि चार बुके शिकलेल्या एका काकांना नळाच्या पाण्याचा अर्ज देऊन पाठवीत. संध्याकाळी काका परत येत व सांगत, "साहेबांशी बोलणे झाले." एकदा माझ्या आईने विचारले, "पण भाऊजी, तुम्ही तिथं आमचं म्हणणं काय सांगितलंत?" काका नुसतेच हसले. मी तेव्हा लहान होते. पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला. आज घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इतिहासाच्या अभ्यासात लंडनमधील एका कचेरीची हकीकत वाचली, आणि आईचा प्रश्न पुन्हा आठवला.

ज्याच्या हाती आपला निर्णय, तो दूर राहतो. मग त्याच्या दारी आपला माणूस हवा, ही गरज पाड्याला असते तशी देशालाही असते. मराठी राज्यात अशा माणसाला वकील म्हणत. पेशव्यांचे वकील निरनिराळ्या दरबारी राहत, बातम्या पाठवीत, बोलणी करीत. हा अधिकार कसा गेला, हे सांगावयास आपल्याला दूर जावयास नको. दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह केला तो आपल्या वसईतच. इंग्रजांना अगोदर कळविल्याशिवाय व त्यांचा विचार घेतल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी करावयाची नाहीत, अशी त्यात अट होती. परक्याशी आपल्या तोंडाने बोलण्याचा हक्क गेला की स्वातंत्र्य कितीसे उरते? पुढे १८३९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांना इंग्रजांनी पदच्युत केले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले व तेथे तेरा-चौदा वर्षे झगडले. त्यांच्या निष्ठेला तोड नाही. पण एकटा माणूस, परका मुलूख आणि पैशाची ओढाताण! त्यांना यश आले नाही.

एकट्याने होत नाही ते अनेकांनी मिळून करावे, हा विचार पुढच्या पिढीने केला. दादाभाई नौरोजी यांनी १८६६ साली लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन काढली. काँग्रेस १८८५ साली मुंबईत स्थापन झाली. हिंदुस्थानचे कायदे आणि अंदाजपत्रक यांवर शेवटचा शब्द मात्र लंडनच्या पार्लमेंटचा होता. म्हणून १८८९ च्या जुलैमध्ये तेथे काँग्रेसची ब्रिटिश कमिटी स्थापन झाली. अध्यक्ष सर विल्यम वेडरबर्न. हे मुंबई इलाख्यात नोकरी केलेले सनदी अधिकारी. चिटणीस विल्यम डिग्बी. ही कचेरी कोणा एका प्रांताची नव्हती. मुंबई, बंगाल, मद्रास अशा सर्व प्रांतांनी वर्गणी द्यावी आणि सर्वांच्या वतीने एकाच ठिकाणाहून बोलले जावे, अशी योजना होती.

अशी कचेरी नेमके काय करते? राजदूत सरकारशी बोलतो. ही कचेरी सरकारच्या भोवतालच्या लोकांशी बोलते. ब्रिटिश कमिटीने १८९० साली 'इंडिया' नावाचे पत्र काढले. पार्लमेंटच्या सभासदांना माहिती पुरवावी, त्यांच्याकडून सभागृहात प्रश्न विचारून घ्यावेत, गावोगावी व्याख्याने ठेवावीत, हिंदुस्थानातून आलेल्या पाहुण्यांच्या भेटी घडवून आणाव्यात, अशी ही कामे. दादाभाई १८९२ साली स्वतः पार्लमेंटमध्ये निवडून गेले, आणि पुढच्याच वर्षी हिंदुस्थानविषयी आस्था असणाऱ्या सभासदांची एक समिती तेथे उभी राहिली.

या खटपटीचे फळ काय? एकच उदाहरण देते. सनदी नोकरीची परीक्षा फक्त लंडनमध्ये होत असे. गरिबाच्या मुलाने समुद्र ओलांडून परीक्षेला बसावे कसे? ही परीक्षा हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव २ जून १८९३ रोजी कॉमन्स सभेत संमत झाला. केवढा हा विजय! परंतु सरकारने तो अमलात आणला नाही. हिंदुस्थानात ही परीक्षा होऊ लागली ती १९२२ साली. म्हणजे कचेरी दार उघडू शकते. आत नेऊन बसविण्याचे बळ मात्र घरूनच यावे लागते.

कमिटीची दोन दुखणी होती. पहिले पैशाचे. प्रांतांची वर्गणी वेळेवर येत नसे. वेडरबर्न यांच्यासारख्यांना पदरमोड करावी लागे. दुसरे दुखणे अधिक खोल होते: बोलणार कोण आणि कोणाच्या सांगण्यावरून? कमिटीत बहुतेक इंग्रज गृहस्थ होते. ते सज्जन होते, हिंदुस्थानचे हितचिंतक होते. पण येथे मागणी 'होमरूल'पर्यंत पोहोचली, तरी तेथील भाषा जुनीच राहिली.

टिळकांनी १९१६ साली होमरूल लीग स्थापन केली. तिचे अध्यक्ष जोसेफ बॅप्टिस्टा. यांचे घराणे मूळचे उत्तनचे, म्हणजे आपल्या खाडीपलीकडचे. लीगच्या वतीने १९१७ साली बॅप्टिस्टा इंग्लंडला गेले आणि त्यांनी मजूर पक्षाशी संबंध जोडले. चिरोल खटल्याच्या निमित्ताने १९१८ च्या अखेरीस टिळकही लंडनला पोहोचले व सुमारे वर्षभर तेथे राहिले. खटला ते हरले. पण काँग्रेसच्या पैशावर चालणाऱ्या कमिटीने काँग्रेसच्या ठरावांप्रमाणेच बोलले पाहिजे, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. १९१९ साली कमिटीची घटना त्याप्रमाणे बदलली गेली. वाचकहो, माझ्या अडाणी आईचा प्रश्न आणि लोकमान्यांचा प्रश्न एकच होता!

पण पुढच्याच वर्षी, १९२० च्या नागपूर अधिवेशनात, काँग्रेसने ती कमिटी आणि 'इंडिया' पत्र दोन्ही बंद करण्याचे ठरविले. असहकाराचे युग सुरू झाले होते. पैसा व कष्ट देशातच खर्चावेत, असे मत पडले. हे चुकले की बरोबर झाले? मला वाटते, तीस वर्षे अर्ज-विनंत्या करून जे साधले नाही, ते खेड्यापाड्यांतील माणसे उभी राहिल्यावर साधले. तरीही बाहेरचे काम वाया गेले असे नव्हे. कृष्ण मेनन यांनी इंडिया लीगच्या द्वारे लंडनमध्ये ते पुढे चालविले. आणि १९४७ चा स्वातंत्र्याचा कायदा पार्लमेंटमध्ये आणला तो मजूर पक्षाच्याच सरकारने.

आज आपले वकील जगभर आहेत. शिवाय वॉशिंग्टनसारख्या शहरी अनेक देश, आपलाही, पैसे देऊन तेथील व्यावसायिक कंपन्यांकडून आपली बाजू मांडून घेतात. अमेरिकेत १९३८ च्या कायद्याप्रमाणे परक्या देशासाठी असे काम करणाऱ्याला नोंदणी करून, कोणाकडून किती पैसे घेतले हे जाहीर करावे लागते. हा नियम मला फार आवडला. बोलणारा कोणाचा, हे ऐकणाऱ्याला कळलेच पाहिजे. आणि तो काय बोलला, हे पाठविणाऱ्याला कळले पाहिजे.

आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? परक्या राजधानीतील कचेरी हा पोहरा आहे. आड आपल्या घरी आहे. गेल्या वर्षी पाड्याचा एक अर्ज मी लिहिला. पाठविण्याआधी सर्वांना जमवून तो मोठ्याने वाचून दाखविला. आईने मध्येच थांबवून एक वाक्य बदलावयास लावले. मी ते बदलले.