हे तुम्हाला कसं कळलं?

जालन्याहून छत्रपती संभाजीनगरला जाणारा माणूस ज्या रस्त्याने शहरात शिरतो, त्याच जालना रोडवर मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आहे. २७ ऑगस्ट १९८१ रोजी ते सुरू झालं. त्याच वर्षी १ मे रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला होता. त्याआधी उच्च न्यायालयात दाद मागायची तर मराठवाड्याच्या माणसाला मुंबई गाठावी लागे. आता जालन्याहून साठेक किलोमीटरचा प्रवास पुरतो.

अंतर कमी झालं, तरी जनहित याचिकेविषयीचे समज मात्र फारसे बदललेले नाहीत. कुणाला वाटतं, कोर्टात एक अर्ज टाकला की अधिकारी पळत सुटतात. कुणाला वाटतं, हे मोठ्या शहरातल्या संस्थांचं काम, आपल्या आवाक्यातलं नाही. एका गावाची याचिका तयार होताना मी पहिल्या बैठकीपासून सोबत होतो. प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने गावाचं नाव लिहीत नाही. विषय होता प्राथमिक आरोग्य केंद्राचा. इमारत उभी, पाटी लागलेली, पण वैद्यकीय अधिकाऱ्याचं पद रिकामं. रात्री-अपरात्री बाळंतपणाची वेळ आली की गाडी शोधत जिल्ह्याच्या गावाला पळायचं.

निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी, माजी सरपंच ताई आणि दोन-तीन तरुण एका वकीलसाहेबांकडे गेले. गुरुजींनी मोठ्या कष्टाने लिहिलेला मजकूर पुढे ठेवला. पहिलंच वाक्य होतं, ‘गेल्या कित्येक वर्षांपासून निष्क्रिय प्रशासनामुळे शेकडो रुग्णांचे हाल होत आहेत.’ वकीलसाहेबांनी पेन उघडलं आणि विचारलं, “गुरुजी, हे तुम्हाला कसं कळलं?”

“अहो, सगळं गाव बघायलंय की!”

“गाव बघतंय हे खरंच आहे. पण न्यायाधीशांपुढे कागद जाणार, गाव नाही. ‘कित्येक वर्षं’ म्हणजे कोणत्या तारखेपासून? ‘शेकडो’ कुठे मोजले? ‘निष्क्रिय’ हे तर विशेषण झालं. तुम्ही कोणत्या तारखेला अर्ज दिला आणि त्याला उत्तर आलं नाही, एवढं लिहा. निष्क्रियता आपोआप दिसेल.”

हाच प्रश्न पुढे प्रत्येक परिच्छेदाला विचारला गेला आणि त्याच्या उत्तरांतून याचिका तयार झाली. पद कधीपासून रिक्त आहे हे माहितीच्या अधिकारातून मागवलं. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, म्हणून पहिलं अपील केलं. केंद्राच्या बाह्यरुग्ण नोंदवहीच्या प्रती मागितल्या. ग्रामसभेच्या ठरावाची सही-शिक्क्याची नक्कल काढली. सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं, असा निकष आहे. म्हणून त्या केंद्राखालच्या सगळ्या गावांची लोकसंख्या जोडली. आपल्या गावाची तक्रार अशी आजूबाजूच्या गावांचीही झाली आणि विषयातलं जनहित कागदावर आलं.

सगळ्यात अवघड गेली ती पोच. गुरुजींनी अनेक निवेदनं दिली होती, पण काहींवर आवक शिक्का घेतलेला नव्हता. साहेबांनी हातात घेतलं, वाचलं, “बघतो” म्हणाले, एवढ्यावर समाधान मानलं होतं. वकीलसाहेबांनी ती सगळी निवेदनं बाजूला काढली आणि नव्याने अर्ज द्यायला लावला, या वेळी पोच घेऊन आणि एक प्रत रजिस्टर पोस्टाने पाठवून. ताई वैतागल्या. “म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?” कारण साधं होतं. उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली आदेश देतं, तेव्हा ज्याच्यावर जबाबदारी आहे त्याच्याकडे आधी मागणी केली होती का, हे पाहतं. मागितलंच नाही तर नाकारलं कसं म्हणायचं?

इथे कुणी विचारेल की, पूर्वी तर नुसत्या पत्रावर याचिका होत असत! होत असत, आणि त्या परंपरेत आपल्या महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पत्रकार शीला बरसे यांनी मुंबईतल्या कोठड्यांमधल्या महिला कैद्यांविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. १९८३ च्या त्या निकालाने महिला आरोपींच्या संरक्षणाचे नियम घालून दिले. त्याच्या दोनेक वर्षं आधी एस. पी. गुप्ता खटल्यात न्या. भगवतींनी म्हटलं होतं की, गरिबी किंवा दुर्बलतेमुळे ज्याला न्यायालयापर्यंत पोचता येत नाही, त्याच्या वतीने दुसरा कुणीही सद्हेतूने येऊ शकतो.

खुद्द जालना जिल्ह्याचं उदाहरण आहे. जिल्ह्यातल्या शेतकरी आत्महत्यांबद्दल चिंता व्यक्त करणारं पत्र ऑल इंडिया बायोडायनॅमिक अँड ऑर्गॅनिक फार्मिंग असोसिएशन या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयाला लिहिलं. न्यायालयाने त्याचीच याचिका केली. मग टाटा समाजविज्ञान संस्थेला चौकशी करायला सांगितलं. संस्थेने आत्महत्याग्रस्त कुटुंबांपर्यंत जाऊन मार्च २००५ मध्ये अहवाल दिला. वारंवार बुडणारी पिकं, लागवडीचा न पेलणारा खर्च आणि कर्ज ही कारणं त्यात पुढे आली. त्यानंतर राज्य शासनाने इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेकडूनही अभ्यास करून घेतला.

या दोन्ही प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. पत्र आल्यावर न्यायालयाने आधी वस्तुस्थिती शोधायला माणसं पाठवली. शीला बरसे यांच्या प्रकरणात निर्मला निकेतनच्या संचालकांना तुरुंगात जाऊन महिला कैद्यांशी बोलायला सांगितलं होतं. जालन्याच्या पत्रावर संशोधक गावोगाव गेले. म्हणजे वकीलसाहेबांचा प्रश्न न्यायालयालाही पडतोच. पत्राच्या काळात त्याचं उत्तर न्यायालय शोधून घेत असे, आज ते बहुतेक वेळा याचिकाकर्त्यालाच घेऊन जावं लागतं.

हा बदल विनाकारण झालेला नाही. जनहिताच्या नावाखाली ठेकेदारीची भांडणं आणि राजकीय हिशेब कोर्टात येऊ लागले. २०१० मध्ये बलवंतसिंग चौफाल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, याचिकाकर्ता कोण आहे आणि मजकूर खरा आहे का, हे आधी तपासा. प्रत्येक उच्च न्यायालयाने त्यासाठी नियम करावेत, असंही बजावलं. मुंबई उच्च न्यायालयाचे जनहित याचिका नियम त्याच वर्षीचे आहेत.

त्यानुसार द्यावं लागणारं निवेदन गुरुजींनी सही करण्याआधी ओळ न् ओळ समजून घेतलं. या विषयात माझा वैयक्तिक स्वार्थ नाही. खर्च मी करतो आहे. मी पुरेसा शोध घेतला आहे. माझ्या माहितीप्रमाणे याच विषयावर आधी याचिका झालेली नाही. न्यायालयाने सांगितल्यास अनामत रक्कम भरावी लागेल, याची मला जाणीव आहे. खर्चाच्या ओळीवर ते थांबले, कारण गावाने वर्गणी काढली होती. वकीलसाहेब म्हणाले, “मग तसंच लिहू. लपवायचं काही नाही.” एका तरुणाला त्याच केंद्रातल्या आपल्या नातेवाइकाच्या बदलीचा मुद्दाही घालायचा होता. तो वगळला. नोकरीविषयक वाद जनहित याचिकेत चालत नाहीत आणि अशा एका ओळीने सगळ्या याचिकेचा हेतू संशयास्पद ठरतो.

मागणीवर सर्वांत जास्त वेळ गेला. ‘आरोग्यसेवा सुधारण्याचे आदेश व्हावेत’ असं पहिल्या मसुद्यात होतं. असा आदेश झाला तरी तो पाळला की नाही, हे कुणी ठरवायचं? अखेर लिहिलं गेलं ते असं: रिक्त पद ठरावीक मुदतीत भरावं, तोवर आठवड्यातल्या नेमून दिलेल्या दिवशी डॉक्टर पाठवावेत, रुग्णवाहिका चालू स्थितीत ठेवावी आणि अंमलबजावणीचं शपथपत्र दाखल करावं. प्रतिवादी म्हणून नावं घातली ती ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांचीच.

याचिका इंग्रजीत तयार झाली, मराठी कागदांना भाषांतरं जोडली, पानांवर सलग क्रमांक पडले. दाखल केल्यावर कार्यालयाने त्रुटी काढल्या: एक झेरॉक्स अस्पष्ट, एका ठरावाचं भाषांतर नाही. त्या दूर झाल्यावर प्रकरण दोन न्यायमूर्तींच्या पीठापुढे आलं. सुनावणी काही मिनिटांची झाली. न्यायमूर्तींनी घटनाक्रमाचं पान उघडलं, शेवटच्या पोचेची तारीख पाहिली आणि सरकारी वकिलांना सूचना घ्यायला सांगून नोटीस काढली. गुरुजींच्या मूळ मसुद्यातलं एकही विशेषण तिथे लागलं नाही, ती पोच मात्र लागली.

निकाल लगेच लागेल या आशेने कुणी या वाटेला जाऊ नये. रस्त्यांवरच्या खड्ड्यांविषयीची याचिका २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रातून उभी राहिली. खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई द्यावी, हा आदेश ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. आदेशानंतरही पाठपुरावा लागतो आणि आदेश पाळला नाही तर अवमान याचिका करावी लागते.

आणि जिथून प्रश्न जातो तिथेच उत्तर येतं असंही नाही. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांवर ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी होतं. जालना त्यात नव्हता. तरीही जालन्याच्या त्या पत्रामुळे शेतकऱ्यांच्या मरणाची कारणं न्यायालयाच्या आदेशाने तपासली गेली आणि नोंदली गेली. ती नोंद आता कुणालाही पुसता येत नाही.

तुमच्या गावातही असा प्रश्न असेल, तर वकिलाकडे जाण्याआधी ग्रामसभेत ठराव करा, माहितीचा अर्ज टाका, तारखांची वही ठेवा. फीची अडचण असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना १९८७ च्या कायद्याने उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. आणि कोणत्याही कार्यालयात कागद दिलात, तर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय तिथून उठू नका.