इटलीतली तोंडी परीक्षा : भीती नको, सराव हवा

इटलीत शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी तोंडी परीक्षेत लागते. परंपरेनुसार १०८८मध्ये स्थापन झालेल्या बोलोन्यासह तिथल्या विद्यापीठांत आजही अनेक विषयांची परीक्षा प्राध्यापकांसमोर बसून द्यावी लागते. गुण ३०पैकी असतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी किमान १८ लागतात. नुसतं पाठांतर इथे टिकत नाही, कारण उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघतो. यात पक्षपात होईल, परक्या भाषेत अडखळणारा मागे पडेल, हा आक्षेप रास्त आहे. पण या परीक्षा खुल्या असतात, इतरांना त्या ऐकता येतात. मिळालेले गुण सहसा नाकारून पुन्हा बसता येतं आणि इंग्रजी माध्यमाचे अभ्यासक्रमही आहेत. म्हणून निघण्याआधी आपला विषय दुसऱ्याला बोलून समजावण्याचा सराव जरूर करा.